होम्स खाणीत उतरत नाही

रहस्यकथेवर आपल्या अंकात पानं कशाला खर्चायची, असं काही मित्र म्हणतील. त्यांना एवढंच विचारतो, आपल्या वस्तीतल्या पोरांनी आयुष्यात पहिलं पुस्तक कोणतं वाचलं? दहातले सात सांगतील, खुनाचं. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. त्या विद्यापीठातल्या सायबांनी नाही वाचल्या, भाड्यानं पुस्तक देणाऱ्या लायब्रऱ्यांतनं कष्टकऱ्यांच्या पोरांनी वाचल्या. आता जे एवढं वाचलं जातं ते डोक्यात काय पेरतं, हे तपासायला नको? समीक्षकांनी ते आपल्यासाठी तपासलेलं नाही. त्यांना रहस्यकथा म्हंजे विटाळ.

तर मी आर्थर कॉनन डॉयलची 'द व्हॅली ऑफ फिअर' घेतो. शेरलॉक होम्सच्या चार कादंबऱ्यांतली ही शेवटची. सप्टेंबर 1914 पासून मे 1915 पर्यंत लंडनच्या 'स्ट्रँड' मासिकात क्रमशः आली, 1915 सालीच पुस्तक झालं. मी तिचा शेवट सांगून टाकणार आहे. ज्याला मजा टिकवायचीय त्यानं इथंच थांबावं. पण माझं म्हणणं असं की हिची मजा अर्ध्यातच संपते. ती का संपते, हे सांगण्यासाठीच हा लेख.

सुरुवात अशी जबरदस्त हाय की विचारू नका. होम्सला आकड्यांत लिहिलेली एक चिठ्ठी येते. पाठवणारा पॉरलॉक, हा मोरियार्टी नावाच्या महागुन्हेगाराच्या टोळीतला फुटलेला माणूस. चिठ्ठीतले आकडे कुठल्या पुस्तकातल्या शब्दांचे, हे तो कळवतच नाही, घाबरतो. होम्स डोकं चालवून ते पुस्तक ओळखतो, निरोप लावतो: बर्लस्टोनच्या डग्लसच्या जिवाला धोका. तेवढ्यात पोलिस इन्स्पेक्टर दारात येतो आणि सांगतो, डग्लस काल रात्री मेला.

ससेक्समधला जुना वाडा. भोवती पाण्याचा खंदक, रात्री पूल वर उचललेला. आत एक प्रेत, नळी कापलेल्या बंदुकीनं तोंडाचा चेंदामेंदा. बंदूक अमेरिकेतल्या पेनसिल्व्हानियाच्या कंपनीची. प्रेताशेजारी चिठ्ठी, 'व्ही. व्ही. 341'. दंडाखाली डाग दिलेली खूण, वर्तुळात त्रिकोण. बोटातली लग्नाची अंगठी गायब, पण तिच्यावर घातलेली दुसरी अंगठी जागेवर. म्हंजे कुणीतरी वरची काढली, खालची काढली आणि वरची परत घातली. आणि व्यायामाच्या दोन डंबेल्सपैकी एकच शिल्लक.

होम्स त्या एका डंबेलीला धरून बसतो. बाकीचे अंगठीकडं बघतात, बंदुकीकडं बघतात. हा म्हणतो, दुसरी डंबेल कुठाय? मग रात्री खंदकातनं छत्रीच्या मुठीनं एक गाठोडं बाहेर ओढतो. गाठोड्यात कपडे, आणि ते बुडावं म्हणून बांधलेली डंबेल. सगळी कोडी एका झटक्यात सुटतात. मेलेला डग्लस नव्हेच. मेलेला म्हंजे त्याला मारायला आलेला टेड बाल्डविन. चेहरा उरला नव्हता, दोघांच्या हातावर एकच डाग होता, म्हणून डग्लसनं आपले कपडे प्रेताला चढवले आणि आपण वाड्यातल्याच एका चोरखोलीत लपला. लग्नाची अंगठी मात्र त्याच्या बोटातनं निघाली नाही, म्हणून प्रेताच्या बोटात ती नव्हती.

इथपर्यंत मी टोपी काढतो. काहीही फुकट गेलेलं नाही. मेणबत्ती किती जळलीय यावरनं वेळ काढतात, सगळं चोख. डॉयलला बारीक बघता येतं, आणि जे दिसतं त्याला प्रश्न विचारता येतो. ही ताकद कुणाचीही असो, आपण शिकून घ्यावी.

पण हे सगळं सातव्या प्रकरणात संपतं. पुस्तक अजून निम्मं शिल्लक. डग्लस चोरखोलीतनं बाहेर येतो आणि वॉटसनच्या हातात कागदाचा गठ्ठा देतो: ही माझी हकीकत. आणि पुढची सात प्रकरणं होम्स गायब.

ती सात प्रकरणं म्हंजे वीस वर्षांमागचा अमेरिकेतला व्हर्मिसा खोऱ्याचा कोळसापट्टा. साल 1875. आगगाडीतनं मॅकमर्डो नावाचा आयरिश जवान येतो. खोऱ्यावर 'स्कॉवरर्स' या गुप्त टोळीचं राज्य, तिचा म्होरक्या दारूगुत्त्याचा मालक मॅकगिंटी. टोळी खाणमालकांकडनं खंडणी काढते, मॅनेजरांना गोळ्या घालते, पेपरचा म्हातारा संपादक बडवून काढते. मॅकमर्डो टोळीत शिरतो, हातावर डाग घेतो, वर चढतो. शेवटी कळतं की हा बर्डी एडवर्ड्स, पिंकर्टन कंपनीचा डिटेक्टिव्ह. पुढाऱ्यांना आपल्याच घरी बोलावून पकडून देतो. मॅकगिंटी आणि त्याचे आठ साथीदार फासावर, पन्नासेक तुरुंगात. एडवर्ड्स नाव बदलत बदलत इंग्लंडात येऊन डग्लस होतो.

समीक्षक म्हणतात, दोन कादंबऱ्या एकत्र शिवल्यात, शिवण उसवलीय. बरोबर हाय, पण अपुरं. शिवण उसवली हे दिसतं, का उसवली ते कुणी सांगत नाही. माझं म्हणणं, पहिल्या भागात लेखक प्रश्न विचारतो आणि दुसऱ्या भागात विचारायचं बंद करतो. वाड्यात प्रेत पडलं तर डंबेलसुद्धा मोजायची. खाणीच्या खोऱ्यात प्रेतं पडली तर मोजायचं काहीच नाही, कारण गुन्हेगार आधीच ठरलाय. तो कामगार हाय, आयरिश हाय, दारू पितो, टोळीनं राहतो. मग तपास कशाचा करायचा? तपास संपला की रहस्य मेलं. उरतं ते फक्त थरथराट: आता पकडतील, आता पळेल, आता गोळी सुटेल.

हे माझं आपलं बोलणं नाही, कादंबरीतच पुरावा हाय. 'लॉज 341' या प्रकरणात टोळीचा खजिनदार हिशेब वाचतो. कुणी खंडणी दिली, कुणी धंदा विकून गाव सोडलं. विकला तर घेतला कुणी? उत्तर येतं, मोठ्या खाण कंपनीनं, रेल्वे कंपनीनं. तेव्हा मॉरिस नावाचा एक वयस्क सभासद भीत भीत उठतो आणि म्हणतो, आपण लहान मालकांना पळवून लावतोय आणि त्यांच्या जागी बडे येतायत, त्यांचे डायरेक्टर न्यूयॉर्क-फिलाडेल्फियात बसलेत, त्यांना आपली भीती नाही. मॅकगिंटी त्याला गप्प बसवतो. आणि गंमत बघा, लेखकही त्याला गप्प बसवतो. हा धागा परत उचललाच जात नाही. मित्रांनो, अख्ख्या दुसऱ्या भागातली खरी डंबेल ती हीच! खुनांनी फायदा कुणाचा झाला? गावठी पोलिस पाटीलसुद्धा हा सवाल पहिला विचारतो. होम्स असता तर त्यानं यालाच पकडलं असतं. म्हणूनच बहुतेक होम्सला या भागात येऊ दिलेलं नाही.

कादंबरीबाहेर आता खऱ्या इतिहासात जातो, कारण ही गोष्ट डॉयलनं हवेतनं आणलेली नाही. स्कॉवरर्स म्हंजे पेनसिल्व्हानियातले 'मॉली मॅग्वायर्स'. बर्डी एडवर्ड्स म्हंजे जेम्स मॅकपार्लंड, तोही आयरिश, 1873 साली मॅकेना हे खोटं नाव घेऊन खाणपट्ट्यात शिरलेला पिंकर्टनचा माणूस. त्याला पाठवायला पैसे दिले कुणी? फ्रँकलिन गोवेन यानं. गोवेन कोण? फिलाडेल्फिया अँड रीडिंग रेल्वेचा अध्यक्ष. याच रेल्वेनं 1870 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत कोळशाच्या जमिनी हजारो एकरांनी विकत घेऊन ठेवल्या होत्या. म्हातारा मॉरिस सांगत होता ते अगदी खरं होतं!

1875 च्या जानेवारीत खाणकामगारांचा मोठा संप सुरू झाला. जूनपर्यंत पोरंबाळं उपाशी राहिली, संप मोडला, मजुरी वीस टक्के कापली, युनियन संपली. त्यानंतर 1876 चे खटले. साक्षीदार मॅकपार्लंड. पकडणारे 'कोल अँड आयर्न पोलिस', म्हंजे कंपन्यांचे पगारी खाजगी पोलिस. काही खटल्यांत सरकारी बाजूनं वकील म्हणून उभा कोण? स्वतः गोवेन! ज्यूरीत आयरिश कॅथलिक येऊ दिले नाहीत. तपास खाजगी, पोलिस खाजगी, वकील कंपनीचा. सरकारचं म्हणावं तर फक्त कोर्टाची इमारत आणि फासाचा दोर. 21 जून 1877 या एका दिवशी दहा जणांना फाशी दिली. सगळे मिळून वीस.

खून झाले होते, हे मी नाकारत नाही. मॅनेजर मेले, पोलिस मेले. फासावर गेलेल्यांत खरे किती आणि खोटे किती यावर इतिहासकार आजही भांडतात. पण भांडण जिवंत हाय म्हंजेच तिथं रहस्य जिवंत हाय. लिहिणाऱ्याला यापेक्षा काय पायजे होतं? वीस फाशी, एक साक्षीदार, तो पगारी आणि खोट्या नावाचा. डॉयलनं हे कोडं हातात घेतलं आणि त्यातला प्रश्नच काढून टाकला. त्याचा एडवर्ड्स धुतल्या तांदळासारखा. टोळीत राहूनही हात स्वच्छ, संपादकाला मारायला गेला तरी त्याचा जीव वाचवतो, वर सुंदर पोरीशी लग्न.

खरा मॅकपार्लंड एवढा सोपा नव्हता. डिसेंबर 1875 मध्ये विगन्स पॅच इथं रात्री मुखवटे घातलेली माणसं एका आयरिश घरात घुसली आणि चार्ल्स ओडॉनेल व एलन मॅकॲलिस्टर या बाईला ठार केलं. ज्यांच्यावर मॅकपार्लंडनं अहवाल पाठवले होते त्यांचंच हे घर. मॅकपार्लंडनं चिडून वरिष्ठांना पत्र लिहिलं. आपण पाठवलेल्या माहितीवर बाईमाणूस मारलं गेलं, हे त्याला झोंबलं होतं. डॉयलच्या पुस्तकात ही बाई नाही, ते घर नाही, ते पत्र नाही. तिथं मुखवटे घालणारे फक्त कामगार.

खबऱ्याच्या मनात काय चालतं, हा केवढा विषय होता! या पुस्तकात दोन खबरे हायत, पॉरलॉक आणि एडवर्ड्स. पॉरलॉक भित्रा, गुन्हेगारांना फसवतो म्हणून आपण त्याला जरा समजून घेतो. एडवर्ड्स काही महिने ज्यांच्याबरोबर दारू प्यायला, गाणी म्हटली, त्यांना फासावर चढवतो आणि त्याचं एक रात्रीचं झोपमोड नाही. खात्यात युनियनची बैठक ठरली की दुसऱ्या दिवशी केबिनला ठाऊक असतं, हे आपल्यातल्या प्रत्येक कामगाराला माहीत हाय. कोण सांगतं तेही बहुधा माहीत असतं. तो माणूस डबा खाताना आपल्या डोळ्याला डोळा देत नाही. एवढं साधं निरीक्षणसुद्धा डॉयलकडं नाही, कारण खबऱ्याकडं तो मालकाच्या खुर्चीतनं बघतो. तिथनं तो फक्त हिरो दिसतो.

आणि खाण? अख्ख्या पुस्तकात आपण एकदाही खाणीत उतरत नाही. आगगाडीत काळ्या तोंडाचे, हातात कंदील घेतलेले मजूर दिसतात, खाणीच्या तोंडाशी पहाटे अंधारात घोळका दिसतो. बस. 6 सप्टेंबर 1869 ला याच कोळसापट्ट्यात ॲव्हनडेल खाणीला आग लागली. वर यायला वाट एकच, तीच पेटली. 110 माणसं आणि पोरं मेली, त्यात वाचवायला उतरलेले दोघं. दुसरी वाट काढली नव्हती, कारण दुसऱ्या वाटेला पैसे लागतात. खंदकातल्या वाड्यातनं माणूस बाहेर कसा गेला याच्यावर डॉयल प्रकरणंच्या प्रकरणं लिहितो. खाणीतनं 110 माणसं बाहेर का आली नाहीत, याच्यावर एक ओळ नाही. बंद जागेचं कोडं म्हणतात ना रहस्यकथेत, त्याहून मोठं कोडं कुठलं?

आमच्या भागातल्या एका सूतगिरणीत कार्डिंग मशीनमध्ये एका पोराचा हात गेला. चौकशीत पहिला प्रश्न आला, त्याच्या हातात मोबाइल होता का? मशीनचं झाकण कधीपासून मोडलेलं होतं, हा प्रश्न कागदावर आलाच नाही. चौकशी झाली, अहवाल झाला, सह्या झाल्या. प्रश्न निवडणाऱ्यानंच उत्तर निवडून ठेवलेलं असतं. व्हर्मिसा खोऱ्याचा अहवालही असाच, फक्त भाषा बहारदार.

कुणी म्हणेल, 1914 चा इंग्रज, त्याच्याकडनं एवढी अपेक्षा कशाला? दोन गोष्टी सांगतो. एक, डॉयल स्वतः आयरिश कॅथलिक घरात एडिंबरोला जन्मलेला. आयरिश माणसाला इंग्रज राज्यात काय वागणूक हाय हे त्याला पुस्तकातनं शिकायची गरज नव्हती. दुसरं, तोवर जगाला बरंच कळलेलं होतं. हाच मॅकपार्लंड म्हातारपणी 1906 साली आयडाहोत पुन्हा तोच खेळ खेळला. माजी गव्हर्नरच्या खुनात हॅरी ऑर्चर्ड नावाच्या माणसाचा कबुलीजबाब काढला आणि खाणकामगार संघटनेचा पुढारी बिल हेवूड याला अडकवलं. या वेळी कामगारांच्या बाजूला क्लॅरन्स डॅरोसारखा वकील होता. 1907 मध्ये ज्यूरीनं हेवूडला निर्दोष सोडलं. आणि 'स्ट्रँड'मध्ये पहिलं प्रकरण छापलं गेलं त्याच्या पाच महिने आधी, एप्रिल 1914 मध्ये, कोलोरॅडोतल्या लडलो इथं संपकरी खाणकामगारांच्या तंबूवस्तीवर गोळ्या झाल्या, तंबू पेटवले, खाली खड्ड्यात लपलेली अकरा मुलं आणि दोन बाया गुदमरून मेली. पण लेखकानं पिंकर्टन कंपनीनं 1877 सालीच छापलेली कहाणी प्रमाण मानली. तेही पुस्तक मॉली मॅग्वायर्सवरच, ॲलन पिंकर्टनच्या नावानं निघालेलं. आरोपी करणाऱ्यानंच लिहिलेला इतिहास!

हे आपल्याला नवीन नाही. याच डॉयलच्या 'द साइन ऑफ फोर' मध्ये अंदमानचा टोंगा हाय, लहानखुरा, काळा, विषारी बाण मारणारा, जनावरासारखा रंगवलेला. त्याला तोंड हाय पण बोलणं नाही. 1871 साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि इथल्या जमातीच्या जमाती जन्मानं चोर ठरवल्या. हजेरी लावा, गाव सोडू नका. तो कायदा 1952 साली गेला. कायद्यानं जे केलं तेच रहस्यकथा करते, गुन्हा शोधायच्या आधी गुन्हेगार ठरवते.

याच कायद्याच्या दुसऱ्या बाजूनं अण्णाभाऊंनी 1959 साली 'फकिरा' लिहिली, बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. तिच्यातही दरोडा हाय, टोळी हाय, पाठलाग हाय, फितुरी हाय, शेवटी पकडलं जाणं हाय. थरार डॉयलपेक्षा कमी नाही. पण खजिना का लुटला हे अण्णाभाऊ पहिल्यापासनं सांगतात: पोटात अन्न नाही, माणसं मरतायत. 'का' सांगितल्यानं थरार कमी होतो असं ज्यांना वाटतं त्यांनी फकिरा शरण जातो ते प्रकरण वाचावं.

कुणाला वाटेल ही तुलना अन्यायाची, 'फकिरा' रहस्यकथा नाही. मग शुद्ध रहस्यकथेतलंच घ्या. डॅशिएल हॅमेट हा अमेरिकन लेखक स्वतः पिंकर्टनचा डिटेक्टिव्ह होता, पगारी. त्यानं 1929 साली 'रेड हार्वेस्ट' लिहिली. खाणीचं शहर, एका माणसाचा पहिल्याच रात्री खून. तो खून कुणी केला हे पुस्तकाच्या पहिल्या तुकड्यातच कळतं. म्हंजे डॉयलसारखीच अडचण. पण कादंबरी ढिली पडत नाही. का? कारण हॅमेट पुढं विचारतो, या शहरात एवढे बंदूकवाले आले कुठनं? उत्तर: खाणमालकानं संप मोडायला आणले. संप मोडला, पण बंदूकवाले गेले नाहीत, शहरच बळकावून बसले. एक प्रश्न सुटला की त्याच्या खाली दुसरा. हॅमेटलाही कामगारांचं फार प्रेम होतं असं त्या पुस्तकातनं दिसत नाही. त्याचा नायक कोडगा हाय, माणसं मरतात तर मरू देतो. पण तो पैशाचा माग सोडत नाही, तेवढ्यावर कादंबरी उभी राहते.

अजून एक गोष्ट, आपल्या कार्यकर्त्यांसाठी. खाणपट्ट्यात सगळे कामगार एक नव्हते. कंत्राटी कसबी खाणकामगार बरेचसे वेल्श आणि इंग्रज, त्यांच्या हाताखाली कोळसा भरणारे मजूर आयरिश. खून वैर या फटीतनंही वाढलं. मुंबईच्या गिरण्यांत विणाई खात्यात आपल्याला घेत नव्हते, कारण तुटलेला धागा तोंडानं ओढावा लागे आणि बाकीच्यांना विटाळ होई. पगार मात्र तिथंच जास्त. 1928 च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांपुढं टाकला. 'कामगार तितुका एक' म्हणणाऱ्यांना तो आवडला नाही. डॉयलनं ही फट पाहिली असती तर त्याला मॅकगिंटीपेक्षा दसपट खोल माणसं मिळाली असती. आणि आपल्यातले जे कॉम्रेड मित्र मॉली मॅग्वायर्सना सरळ हुतात्मे करतात त्यांनीही ती पाहावी. 1970 साली आलेल्या 'द मॉली मॅग्वायर्स' सिनेमात खबऱ्या आणि म्होरक्या दोघांनाही माणूस म्हणून उभं केलंय, शॉन कॉनरी आणि रिचर्ड हॅरिसनं. तिथं खाणीतला धूरही दिसतो. मिळाला तर बघा.

शेवटच्या पानावर डग्लस जहाजातनं पळतो आणि सेंट हेलेनाजवळ समुद्रात पडून मरतो. होम्स म्हणतो, हे मोरियार्टीचं काम. म्हंजे परत एक राक्षस आणला आणि सगळं त्याच्या डोक्यावर घातलं. तीन पानांत उरकलंय, वाचताना स्वतः लेखक कंटाळलाय असं वाटतं.

म्होरक्या म्हणून फाशी गेलेल्या जॉन किहोला पेनसिल्व्हानियाच्या गव्हर्नरनं 1979 साली मरणोत्तर माफी दिली. शंभर वर्षांनी. पुस्तक मात्र अजून छापलं जातंय आणि आपल्याकडंही वाचलं जातं. वाचू नका असं मी म्हणणार नाही. पहिली सात प्रकरणं एका बैठकीत वाचा. दुसऱ्या भागात म्हातारा मॉरिस बोलायला उठतो तिथं पेन्सिलीनं खूण करा, आणि तिथनं पुढं पुस्तक मिटून त्याच्या बोलण्यावर तुमच्या अभ्यासवर्गात एक संध्याकाळ घाला.